संस्थापक, ओतारी आणि घोडा

संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. हे माझं मत नव्हे, १८६० सालचा संस्था नोंदणी अधिनियम सांगतो. इंग्रजांनी सातच का ठरवली कोण जाणे, पण ज्यानं ठरवली त्याला आपली माणसं चांगलीच ठाऊक असावीत. सातांतल्या पाचांची सोय बसल्या बैठकीत लागते: अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार. अडतं ते उरलेल्या दोघांपाशी. त्यांना नुसतं ‘सभासद’ व्हायचं असतं, आणि नुसतं सभासद व्हायला मराठी माणूस सहजी तयार होत नाही. मग एका जागी अध्यक्षांचा मेहुणा येतो आणि दुसऱ्या जागी असे एक गृहस्थ, जे त्या दिवशी सभेला आलेलेच नसतात आणि त्यामुळे नाही म्हणू शकत नाहीत.

पुढं १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आणखी एक नोंदणी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या बाकावर दोन-चार दुपारी, आणि संस्था जन्माला येते. कार्यकारिणी बदलली की त्याच कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो. एकाच निवडणुकीचे दोन गटांनी दोन चेंज रिपोर्ट दिले, की समजावं, संस्था आता खऱ्या अर्थानं रुजली.

मराठीत संस्था ‘काढतात’. शाळा काढतात, वृत्तपत्र काढतात, दुकान काढतात. त्यासाठी वर्गणी काढतात, वर्गणी पुरली नाही तर कर्ज काढतात, वर्षभरात एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी त्यातले निम्मे पळ काढतात. संस्थेचं सगळं चरित्र आपण एका क्रियापदात बसवलेलं आहे. काढणारा मात्र ‘काढणारा’ राहत नाही. तो संस्थापक होतो, आणि पुढं एक छोटी रेघ मारून संस्थापक-अध्यक्ष. ही रेघ फार महत्त्वाची. नुसता संस्थापक भिंतीवरच्या तसबिरीत असतो, हार घातलेला, कुणाला त्रास न देणारा. नुसत्या अध्यक्षाची मुदत तीन किंवा पाच वर्षांनी संपते. दोन्ही शब्द जोडले की मुदत संपत नाही. चौकातल्या फ्लेक्सवर बघा. अमुक युवा मंच, तमुक प्रतिष्ठान. खाली आधारस्तंभ, मार्गदर्शक, प्रेरणास्थान यांचे चौकोनी फोटो, आणि सगळ्यांहून मोठा, मोबाईल कानाला लावलेला, संस्थापक-अध्यक्षांचा. मंचाचं दुसरं काम काय, हे फ्लेक्सवर लिहायला जागा उरत नाही.

गंमत म्हणजे कायद्याला या माणसाची फारशी ओळख नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था काढणाऱ्याला तो ‘मुख्य प्रवर्तक’ म्हणतो. कंपनी कायद्यातही ‘प्रमोटर’ची व्याख्या आहे, ‘फाउंडर’ची नाही. तरी आपल्या तरुण मुलांना प्रवर्तक व्हायचं नसतं, आणि त्यांचं मला पटतं. ‘माझा मुलगा मुख्य प्रवर्तक आहे’ असं लग्नाच्या बायोडेटात लिहिलं तर मुलीकडचे लोक फ्लॅटचा ताबा कधी मिळणार विचारतील. फाउंडर कसं सुटसुटीत. बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही कॅफेत सकाळी अकराला जा. कानात पांढरी बोंडं, समोर लॅपटॉप आणि चारशे रुपयांची एक कॉफी तीन तास पुरवणारा जो कुणी दिसेल, तो फाउंडर. एकटाच असेल तर सोलो फाउंडर. दुसरा असेल तर को-फाउंडर. तिसऱ्यांदा कंपनी काढत असेल तर सीरियल फाउंडर. आमच्या पिढीला तो आधी संध्याकाळी साडेसातचा कार्यक्रम वाटतो. आणि विचारूनही काय काढलंय ते सांगत नसेल, तर त्याची कंपनी ‘स्टेल्थ’मध्ये आहे, म्हणजे गुप्त. गुप्त कंपनीचं कार्ड मात्र छापलेलं असतं. आमच्या सोसायटीत अशा एका फाउंडरची आई राहते. ‘काय करतो हो मुलगा?’ ‘फाउंडर आहे.’ ‘वा! आणि काम काय करतो?’ या दुसऱ्या प्रश्नाला ती माउली आजवर उत्तर देऊ शकलेली नाही. तिला लिफ्टमध्ये गाठून तो विचारणारे लोक दुष्ट आहेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

या शब्दाचा एवढा बोलबाला ऐकून एका दुपारी मी जाडजूड इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेतला. वाटलं, एका ओळीचं काम असेल. निघाली चार बिऱ्हाडं. पहिलं आपल्या ओळखीचं, संस्थापकाचं. त्याचं मूळ लॅटिन ‘फुंडुस’, म्हणजे तळ. तळ घालतो तो फाउंडर. त्याच्या शेजारीच, त्याच ‘फुंडुस’चं सख्खं भावंड: ‘टू फाउंडर’, म्हणजे जहाजानं पाणी भरून बुडणं. तेही तळच गाठतं. खडकावर आपटून फुटलेल्या जहाजाला हे क्रियापद लावत नाहीत. जे पाणी घेत घेत, भल्या मोठ्या डौलात खाली जातं, त्याला लावतात. एक तळ घालतो, दुसरा तळाला जातो, आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक नाही. स्टार्टअपला पैसे देणाऱ्या मंडळींनी हे पान वाचलेलं नसावं. किंवा वाचलेलं असावं, आणि म्हणूनच ते दहा कंपन्यांत पैसे घालतात.

तिसरं बिऱ्हाड घोड्याचं. घोड्यानं धान्य किंवा कोवळं, रसरशीत गवत अतोनात खाल्लं, की त्याच्या खुरांच्या आतला भाग सुजतो. त्याला उभं राहवत नाही, चालवत नाही. या आजाराला पशुवैद्य ‘लॅमिनायटिस’ म्हणतात, आणि इंग्रजी बोलणारे घोडेवाले ‘फाउंडर’. उपासमारीचा नव्हे, भरल्या ताटाचा आजार. हे वाचलं आणि मला न्यूयॉर्कची वीवर्क आठवली. २०१० साली निघालेली, कचेऱ्यांच्या जागा भाड्यानं घेऊन त्या सजवून तुकड्यातुकड्यांनी पुन्हा भाड्यानं देणारी कंपनी. आपल्याकडे याला पोटभाडेकरू ठेवणं म्हणतात आणि मालक कोर्टात जातो. तिथं गुंतवणूकदारांनी पुढ्यात धान्याच्या राशी ओतल्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिची किंमत ४७ अब्ज डॉलर ठरली. त्याच वर्षी शेअर बाजारात उतरायची वेळ आली तेव्हा खूर सुजलेले दिसले. सप्टेंबरमध्ये फाउंडर अॅडम न्यूमनला मुख्याधिकारीपद सोडावं लागलं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज दिला. शब्दकोशातली दोन बिऱ्हाडं एकाच कंपनीनं फिरून पाहिली.

चौथ्या बिऱ्हाडाकडे नंतर जाऊ. त्याआधी एक सांगायला हवं, की संस्थापकपण हे केल्यानं मिळतं हाही आपला भाबडेपणा आहे. ते वाटाघाटींतूनही मिळतं. टेस्ला ही विजेच्या मोटारींची कंपनी जुलै २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग या दोघांनी नोंदवली. इलॉन मस्क २००४ साली पैसे घेऊन आला आणि संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. पुढं एबरहार्ड बाहेर पडला, आणि फाउंडर म्हणायचं कुणाला यावरून २००९ साली प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी तडजोड झाली: पाच जणांनी स्वतःला को-फाउंडर म्हणवून घ्यावं. त्यात मस्कही आला. म्हणजे कंपनीच्या जन्मानंतर सहा वर्षांनी तिच्या जन्मदात्यांची संख्या दोनाची पाच झाली. आपल्याकडच्या एखाद्या वाचनालयात हेच घडलं असतं तर आपण मराठी माणसाच्या भांडखोरपणावर अग्रलेख लिहिला असता.

मॅकडोनाल्ड्सचं याहून सोपं झालं. भावांचं नाव मॅकडोनाल्ड, उपाहारगृह त्यांचं, झटपट बर्गर करायची रीत त्यांची. रे क्रॉक हा मिल्कशेकची यंत्रं विकणारा माणूस तिथं आला, शाखा काढण्याचे हक्क घेतले आणि १९६१ साली २७ लाख डॉलर मोजून सगळंच विकत घेतलं. पुढं तो स्वतःला फाउंडर म्हणवू लागला. त्याच्यावर निघालेल्या चित्रपटाचं नावही तेच. आणि अॅपलचा रोनाल्ड वेन! एक एप्रिल १९७६ ला जॉब्झ आणि वॉझ्नियॅक यांच्याबरोबर तिसरा भागीदार म्हणून त्यानं सही केली, कंपनीचं पहिलं बोधचिन्ह काढलं, आणि बाराव्या दिवशी आपला दहा टक्के हिस्सा ८०० डॉलरना सोडून तो घरी गेला. त्या दहा टक्क्यांचं आज काय झालं असतं याचे हिशेब लोक अजून मांडतात. मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटतो. पोरं कर्ज काढतायत, घेणेकरी आले तर ते वयानं मोठ्या आणि थोडी मालमत्ता असलेल्या माणसाच्या दारी येणार, हे त्यानं ओळखलं. असा एक काका प्रत्येक मराठी घरात असतो, आणि त्याचं सहसा काही चुकत नाही. फक्त श्रीमंत होणं राहून जातं.

भांडून बाहेर पडण्याची गोष्ट निघालीच आहे तर पुण्याचं नाव घेतल्यावाचून कसं चालेल? एक जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. आगरकर येऊन मिळाले आणि ‘केसरी’चे संपादक झाले. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री गेले, वय अवघं एकतीस. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. पाच वर्षांत शाळा, दोन पत्रं, सोसायटी, कॉलेज. एवढं सगळं काढून झाल्यावर मंडळींनी एकमेकांकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपलं एकमेकांशी पटत नाही. आधी समाजसुधारणा की आधी राजकारण, हा वाद होताच. सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेर काम करून मिळकत करावी की नाही, हाही होता. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली. त्यांचं राजीनाम्याचं पत्र चांगलं लांबलचक आहे. दोन ओळींत राजीनामा देणाऱ्या माणसावर पुण्यात तसाही कुणी विश्वास ठेवत नाही.

तिथं खरं तर संस्था बुडायला हवी होती. पण झालं निराळंच. टिळक कॉलेजात गणित शिकवत. ती जागा रिकामी पडली, तेव्हा १८९१ मध्ये मुंबईहून एका शांत, अबोल गणिताच्या शिक्षकाला बोलावून आणलं: धोंडो केशव कर्वे. कर्वे पुण्यात स्थिरावले, १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आजीव सभासदांपैकीच एक गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला. एका संस्थेतलं भांडण हिशेबात धरलं तर त्याच्या पोटी किती घरं उभी राहिली बघा. संस्थापक हललाच नसता तर कर्व्यांना गणिताची खुर्ची मिळाली असती का, आणि ते पुण्याला आले असते का, हे कुणी सांगावं? म्हणून जो संस्थापक-अध्यक्ष वीस वर्षं खुर्ची उबवतो त्याचा मला राग येत नाही, पण त्या खुर्चीवर न बसू शकलेल्या कुठल्यातरी अबोल मास्तरची काळजी वाटते.

आता चौथं बिऱ्हाड. ‘फाउंडर’ म्हणजे ओतारी. धातू वितळवून साच्यात ओतणारा. याचं कूळ वेगळं, लॅटिन ‘फुंडेरे’, ओतणे. त्यातूनच फाउंड्री आली. संस्थापकाशी त्याचं रक्ताचं नातं नाही, नुसतं नामसाधर्म्य. आपल्याकडच्या एका माणसानं मात्र दोन्ही अर्थ एका जन्मात केले. जावजी दादाजी. गरिबीत वाढलेल्या या माणसानं मुंबईत आधी टाइप ओतायची फाउंड्री घातली आणि मग १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या अक्षरांचे ते देखणे, ठसठशीत खिळे. पुढच्या पिढ्या संस्कृत आणि मराठी पोथ्या त्यावर शिकल्या. आधी अक्षर ओतलं, मग छापखाना काढला. असा फाउंडर इंग्रजी कोशातही एका नोंदीत सापडायचा नाही.

किर्लोस्करांचंही तसंच. लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केले. लोखंडानं जमिनीत विष उतरेल म्हणून शेतकरी ते घेईनात. पण ते मागं हटले नाहीत, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथंही ओतकाम आधी, नामफलक नंतर. हल्ली क्रम उलटा झालाय, एवढंच.

ओतारी कसा काम करतो ते पाहायचं असेल तर कोल्हापूरला जावं. शिरोली, गोकुळ शिरगाव, तिकडं कागल-हातकणंगले. पुणे-बंगळूर रस्त्याच्या आसपास फाउंड्र्याच फाउंड्र्या. ट्रॅक्टर आणि मोटारींच्या इंजिनांचे कितीतरी भाग इथल्या वाळूत जन्माला येतात. मी एका ओळखीच्या मालकांबरोबर आत गेलो होतो. पॅटर्न दाबून वाळूत पोकळी केलेली. वरून लॅडल आली, आणि १४०० अंशांच्या घरातलं ते केशरी पाणी साच्यात गेलं. काही सेकंदांचं काम. गार झाल्यावर साचा फोडतात. वाळू पुन्हा मळून पुढच्या साच्याला. ज्या साच्यानं आकार दिला त्याची तसबीर कुणी लावत नाही.

‘आणि हे काय?’ मी विचारलं. ओतलेल्या तुकड्याला शेजारी एक जाडसर खुंट चिकटलेला होता.

‘रायझर. लोखंड गार होताना आकसतंय. त्या वेळी ह्याच्यातलं गरम लोखंड आत सरकतंय आणि कमी पडलेलं भरून काढतंय. काम झालं की तोडायचा, परत भट्टीत.’

‘नाहीच ठेवला तर?’

‘तर मालाला आत पोकळ राहती. वरून दिसत नाही. गिऱ्हाईकाच्या मशीनवर चढवला की मग कळतंय, आणि फोन येतोय.’

मी त्या खुंटाकडे बघत राहिलो. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस निघाली तिचे फाउंडर सात होते. कायदा निराळा, आकडा मात्र नेमका तोच. पण सुरुवातीला लागलेले दहा हजार रुपये सुधा मूर्तींनी आपल्या साठवलेल्या पैशांतून दिले, आणि फाउंडरांच्या यादीत आठवं नाव नाही. आमच्या सुरुवातीच्या सातांतल्या शेवटच्या दोन सभासदांचंही तेच. मेहुणा दर वर्षी हिशेब तपासून देतो, आणि सभेला न आलेले ते गृहस्थ पुढची तीस वर्षं प्रत्येक सभेला येतात, खुर्च्या मांडतात, पाणी ठेवतात, शेवटी दिवे घालवून कुलूप लावतात. अध्यक्ष-उपाध्यक्ष एकमेकांवर दावे लावून गार होत असताना आत सरकत राहणारी माणसं ही. फ्लेक्सवर त्यांचा फोटो नसतो. त्यांनाही तो नको असतो, असं आपण सोयीनं धरून चालतो.

निघताना मालकांनी कार्ड दिलं. नाव, पत्ता, मोबाईल आणि खाली फक्त ‘प्रोप्रायटर’. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना म्हटलं, ‘फाउंडर का नाही लिहिलंत?’

‘काढली वडिलांनी, मी नुसतीच चालवतोय की,’ ते म्हणाले. मग जरा थांबून हसले. ‘आणि हितं शिरोलीत सगळेच फाउंडर. कुणाला सांगत बसू?’